दर सबकल्चरला परत येणारा दुधाळ ढग : दुर्मीळ देशी वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनातल्या लपलेल्या जिवाणूबाधेचं निवारण

लक्षण ओळखीचं आहे. रानातून आणलेल्या फांदीचे पेर कापले, निर्जंतुक केले, बाटलीतल्या माध्यमावर, म्हणजे अगारने घट्ट केलेल्या पोषक जेलीवर ठेवले. पहिले दोन-तीन आठवडे सगळं स्वच्छ. कोंब फुटले, पानं हिरवीगार. मग सबकल्चर केलं, म्हणजे कोंब कापून ताज्या माध्यमावर हलवले, आणि नव्या बाटलीत खोडाच्या बुडाशी, अगारच्या आत, दुधाळ ढग पसरला. तेवढ्या बाटल्या बाजूला काढून उरलेल्या पुढे नेल्या, तर पुढच्या खेपेला त्या ‘स्वच्छ’ बाटल्यांमधूनच काहींत तोच ढग. निर्जंतुकीकरणाची वेळ वाढवावी तर पेर पांढरे पडून मरतात, कमी करावी तर बुरशी येते. अशी चार-पाच सबकल्चरं झाली की हातात मोजक्या बाटल्या उरतात आणि फांद्या कापायला पुन्हा रानात जायची वेळ येते.

केळी किंवा बटाट्याचं ऊतिसंवर्धन करणाऱ्यासाठी यावर उपाय सरळ आहे : सगळं ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून) टाकायचं आणि दुसऱ्या मातृरोपापासून (ज्याची फांदी घेतो त्या झाडापासून) नव्याने सुरुवात करायची. धोक्यात आलेल्या देशी वनस्पतीच्या बाबतीत ही मोकळीक नसते. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं सिमोनॅन्थस बॅनक्रॉफ्टी हे झुडूप नामशेष झालं असं धरलं गेलं होतं. नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या झुडपांवर येणारी ही जात. १९९७ मध्ये तिचं एक नर झुडूप सापडलं, त्यानंतर एक मादी. पर्थच्या किंग्ज पार्क उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी या दोन झुडपांपासून ऊतिसंवर्धनाने रोपं वाढवली. अशा वेळी ‘टाका आणि पुन्हा सुरू करा’ हा सल्ला कोण कुणाला देणार?

म्हणून या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. झाडाच्या आतून येणारी बाधा बाटलीत हरवण्याच्या मागे लागू नका. ती कुठून येते ते आधी ओळखा, मातृरोपाच्या पातळीवरच ती कमी करा, आणि या सगळ्या धडपडीत कोणकोणत्या मूळ झाडांचे वंश हातातून गळताहेत याची नोंद ठेवा. शेवटचा मुद्दा सर्वात कमी प्रयोगशाळांमध्ये पाळला जातो आणि संवर्धनाच्या दृष्टीने तोच सर्वात महागात पडतो.

ढग नेमका कुठे आहे?

बाटली फेकण्याआधी ती उजेडासमोर धरून नीट पाहा. जंतू कुठे आणि कधी दिसले यावरून निम्मं निदान होतं.

अगारच्या पृष्ठभागावर, रोपापासून लांब, सुटे ठिपके असतील तर ते हवेतून किंवा हातावरून आले आहेत. लॅमिनार एअरफ्लोचा (गाळलेल्या स्वच्छ हवेखाली काम करायच्या कपाटाचा) फिल्टर, बाटली उघडी राहिलेला वेळ आणि काम करणाऱ्याच्या सवयी तपासा. बाटलीच्या तोंडाशी बुरशी असेल तर झाकण किंवा सील सैल आहे. बुरशीचे ठिपके एका रेषेत, कुणीतरी चालत गेल्यासारखे दिसले तर माइट (अतिसूक्ष्म कोळीवर्गीय किडे) शिरले आहेत. ते अंगावर बीजाणू घेऊन एका बाटलीतून दुसरीत जातात आणि पाहता पाहता पूर्ण रॅक बाधित करतात. हे दिसलं की त्या रॅकवरच्या बाटल्या ताबडतोब वेगळ्या खोलीत न्या, बाकी काम नंतर.

खोडाचा कापलेला भाग माध्यमात रुतलेला आहे तिथूनच ढग सुरू होत असेल आणि मुळाच्या किंवा खोडाच्या कडेने खाली पसरत असेल, तर जिवाणू वनस्पतीच्या आत होते. आपण प्रत्येक सबकल्चरला खोड कापतो, वाहिन्या उघड्या पडतात, आतला रस माध्यमात झिरपतो आणि त्याबरोबर जिवाणू बाहेर येतात.

वेळही बोलकी असते. दोन-तीन दिवसांत दिसणारी वाढ बहुधा पृष्ठभागावर राहून गेलेल्या जंतूंची असते. तीन-चार आठवड्यांनी किंवा थेट दुसऱ्या-तिसऱ्या सबकल्चरला दिसणारी वाढ आतल्या, सावकाश वाढणाऱ्या जिवाणूंची असण्याची शक्यता जास्त.

तिसरी खूण म्हणजे बाधेची वाटणी. एकाच दिवशी हाताळलेल्या चार वेगवेगळ्या जातींत एकसारखीच वसाहत दिसत असेल तर दोष प्रयोगशाळेचा आहे, झाडाचा नाही. इथे बॅसिलस गटाकडे आधी पाहा. त्याचे बीजाणू ७० टक्के अल्कोहोलमध्ये मरत नाहीत. चिमटा अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवरून घाईने फिरवला की अल्कोहोल जळतं, पण धातू पुरेसा तापत नाही. बीजाणू चिमट्यावर राहतात आणि अल्कोहोलच्या बाटलीतही जमत जातात. मग तीच बाटली दिवसभर प्रत्येक रोपाला जिवाणू वाटत बसते. अल्कोहोल रोज बदला आणि शक्य असेल तर २५० अंश सेल्सियसच्या आसपास चालणारं काचमण्यांचं स्टरिलायझर वापरा. याउलट बाधा एकाच मातृरोपाच्या वंशात दिसत असेल आणि शेजारच्या वंशाच्या बाटल्या स्वच्छ असतील, तर उगम त्या झाडात आहे.

प्रत्येक वेळी ढग म्हणजे जिवाणूच असेल असंही नाही. ऊतिसंवर्धनात सर्रास वापरल्या जाणाऱ्या एमएस माध्यमात लोह आणि फॉस्फेट यांचा साका बसून ते धूसर दिसू शकतं. कापलेल्या खोडातून झिरपणाऱ्या फिनॉलमुळे माध्यम तपकिरी होतं, पण तो रंग साधारण पारदर्शक असतो आणि त्याला वसाहतीसारखी कड नसते. माध्यमाच्या प्रत्येक घाण्यातल्या तीन-चार बाटल्या रोप न लावता बाजूला ठेवायची सवय लावून घ्या. त्याही धूसर झाल्या तर आधी ऑटोक्लेव्ह तपासा. १२१ अंश सेल्सियस आणि १५ ते २० मिनिटं हे लहान बाटल्यांसाठी ठीक. लिटरभर माध्यम एकाच भांड्यात असेल तर आतपर्यंत तेवढं तापमान पोहोचायलाच जास्त वेळ लागतो.

स्वच्छ दिसणारी बाटली स्वच्छ आहे का?

बहुतेक गोंधळाचं मूळ इथे आहे. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेलं एमएस माध्यम तंबाखूच्या पेशींसाठी तयार केलं होतं. त्यात क्षार भरपूर, पीएच ५.७ च्या आसपास आणि साखर असली तरी अनेक जिवाणूंना हवे असलेले पेप्टोन किंवा यीस्टचा अर्क त्यात नसतो. वनस्पतीच्या आत राहणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना हे माध्यम मानवत नाही. ते मरत नाहीत, दबून राहतात. एखाद्या सबकल्चरला क्षारांचं प्रमाण अर्धं केलं, मुळं फुटण्यासाठी वेगळं माध्यम दिलं किंवा रोप थोडं अशक्त झालं, की ते वर येतात. आपल्याला मात्र वाटतं की जिवाणू आज शिरले.

म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, जिवाणूंना आवडेल अशा माध्यमावर मुद्दाम चाचणी घ्या. याला इंडेक्सिंग म्हणतात. सबकल्चर करताना खोडाच्या बुडाचा पातळ काप घ्या, तो जिवाणूंच्या माध्यमावर रेघ ओढल्यासारखा फिरवा आणि तिथेच ठेवा. यासाठी ‘५२३’ नावाचं माध्यम फार उपयोगी आहे. लिटरमागे साखर १० ग्रॅम, केसीन हायड्रोलायसेट ८ ग्रॅम, यीस्टचा अर्क ४ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट २ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.१५ ग्रॅम, पीएच ६.९ आणि घट्ट हवं असेल तर अगार. ते मिळालं नाही तर साधं न्यूट्रियंट अगारही चालेल, पण त्यावर सगळेच जिवाणू उगवत नाहीत. खोलीच्या तापमानाला निदान दोन-तीन आठवडे ठेवा. दोन दिवसांनी पाहून ‘निगेटिव्ह’ लिहून टाकणं म्हणजे चाचणी न घेण्यासारखंच आहे.

बुडाचाच काप का, तर जिवाणू तिथे सर्वात जास्त आणि टोकाकडे सर्वात कमी असतात. एकदा निगेटिव्ह आली म्हणून विश्वास ठेवू नका. सलग तीन सबकल्चरांना निगेटिव्ह आली की मगच त्या वंशाला ‘स्वच्छ’ म्हणा. तोपर्यंत लेबलवर ‘तपासणी चालू’ असंच राहू द्या.

प्रयोगशाळेत मनुष्यबळ कमी असेल तर प्रत्येक बाटली तपासणं जमत नाही, हे खरं. मग प्रत्येक मातृरोपाच्या वंशातल्या ठरावीक बाटल्या तपासा, पण एकही वंश वगळू नका.

ब्लीच वाढवून का भागत नाही

सोडियम हायपोक्लोराइट पृष्ठभागावर काम करतं. आत वाहिन्यांमध्ये, पेशींच्या मधल्या जागेत बसलेल्या जिवाणूंपर्यंत ते पोहोचतं तेव्हा तिथल्या पेशीही मेलेल्या असतात. दाट लव असलेल्या किंवा मेणचट पानांच्या वनस्पतींत तर ते पृष्ठभागालाही नीट भिजवत नाही. तिथे ट्वीन २० या ओलावा पसरवणाऱ्या साबणासारख्या द्रवाचे एक-दोन थेंब आणि आधी अर्धा-पाऊण तास वाहत्या पाण्याखाली धुणं, हे ब्लीचची तीव्रता वाढवण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. उपलब्ध क्लोरीन अर्धा ते एक टक्का आणि १० ते २० मिनिटं, ही सुरुवातीची मर्यादा माना. कोवळ्या ऊतीसाठी सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट जास्त सौम्य असतं.

ब्लीचची ताकद त्यातल्या हायपोक्लोरस आम्लात असते आणि पीएच जास्त असला की त्याचं प्रमाण घटतं; बाजारातलं ब्लीच बरंच अल्कधर्मी असतं. काही जण म्हणून त्यात आम्ल घालतात. हे बेताबेताने, मोजून आणि हवेशीर जागी केलं नाही तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. ज्यांना याचा सराव नाही त्यांनी ते टाळावंच.

मर्क्युरिक क्लोराइड अजूनही अनेक ठिकाणी सर्रास वापरलं जातं. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. ते ऊतीला चिकटून राहतं, वारंवार धुऊनही पूर्ण निघत नाही, काम करणाऱ्याला घातक आहे आणि त्याचं सांडपाणी कुठे जातं याचा हिशेब क्वचितच ठेवला जातो. रानातली एक जात वाचवताना ओढ्यात पारा सोडायचा, हे मला मान्य नाही. शिवाय आतल्या जिवाणूंसमोर तेही ब्लीचइतकंच हतबल आहे.

खरं काम मातृरोपावर

रानातल्या झाडाची फांदी थेट लॅमिनारखाली आणणं हा सर्वात अवघड मार्ग आहे. तिच्यावर पावसाचे, धुळीचे, किड्यांचे, मातीचे जंतू असतात आणि आतही असतात. शक्य असेल तिथे मध्ये एक पायरी घाला : छाटकलम, गुटी किंवा डोळा भरून त्या झाडाची प्रतिरूपं आडोशाला, कुंडीत वाढवा.

तिथे दोन-तीन गोष्टी काटेकोरपणे पाळायच्या. पाणी बुडाशी द्यायचं, पानांवर कधीही नाही. ओल्या पानांवरून जिवाणू पर्णरंध्रांतून आत शिरतात. कुंडीतलं मिश्रण निर्जंतुक आणि निचऱ्याचं हवं, मातीचे शिंतोडे खोडावर उडता कामा नयेत. रोप जोमाने वाढेल इतका उजेड आणि पोषण द्यायचं, कारण नव्याने भराभर वाढलेल्या कोंबाच्या टोकापर्यंत आतले जिवाणू तितक्या वेगाने पोहोचत नाहीत. एक्सप्लांट (बाटलीत लावायचा तुकडा) घ्यायचा तो याच ताज्या वाढीचा, जुन्या पेराचा नव्हे. बुरशीनाशकाची फवारणी करायचीच असेल तर कोंब घेण्याच्या बऱ्याच आधी करा.

ज्या वृक्षांची कलमं लागत नाहीत त्यांच्या फांद्या आणून स्वच्छ पाण्यात उभ्या ठेवता येतात. पाणी वारंवार बदलायचं, खोली कोरडी ठेवायची. सुप्त डोळे फुटतात आणि ते कोवळे कोंब मूळ फांदीपेक्षा कितीतरी स्वच्छ असतात.

या पायरीला एक-दोन ऋतू जातात. प्रकल्पाच्या कागदावर तो वेळ ‘काहीच घडलं नाही’ असा दिसतो आणि म्हणून ती वगळली जाते. पण रानात पुन्हा पुन्हा जाऊन उरलेल्या झाडांच्या फांद्या कापण्यापेक्षा हा वेळ झाडांसाठी फार स्वस्त आहे. रानातलं झाड एकदाच छाटलं जातं आणि पुढचे सगळे एक्सप्लांट कुंडीतून मिळतात.

बी मिळत असेल तर

बी मिळत असूनही फांदीच्या मागे लागलेले लोक मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. बियांचं टरफल ब्लीच सहन करतं, आतला गर्भ बहुतेक वेळा बराच स्वच्छ असतो, आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक बी आनुवंशिकदृष्ट्या वेगळं असतं. एकाच झाडाच्या पेरांपासून मिळणारी हजार रोपं ही एकाच झाडाच्या हजार प्रती असतात.

ऑर्किडमध्ये हा मार्ग विशेष सोपा आहे. बोंड उकलण्याआधी, पण बी पक्व होत आलेलं असताना घेतलं तर आतलं बी निर्जंतुकच असतं. पूर्ण बोंडाचा बाहेरचा भाग निर्जंतुक करायचा, लॅमिनारखाली उघडायचं आणि धुळीसारखं बी थेट माध्यमावर पसरायचं. लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिलं की बुरशीच्या सोबतीशिवाय, केवळ साखर असलेल्या माध्यमावरही ऑर्किडचं बी रुजतं. शंभर वर्षांनंतरही ते तत्त्व तसंच चालतं.

ॲंटिबायोटिक : किती, कोणतं, कधीपर्यंत

आता सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न. ॲंटिबायोटिक घालावं का? घालावं, पण शेवटी, थोड्या काळासाठी आणि आधी जिवाणू वेगळा करून.

सेफोटॅक्सिम सर्वात जास्त वापरलं जातं, साधारण लिटरला १०० ते ५०० मिलिग्रॅम. ते जिवाणूंच्या पेशीभित्तीच्या बांधणीवर घाव घालतं. वनस्पतीची पेशीभित्ती वेगळ्या घडणीची असल्यामुळे रोपाला फारसा त्रास होत नाही. उष्णतेने ते बिघडतं, म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, माध्यम कोमट झाल्यावर मिसळायचं. स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, जेंटामायसिन ही रायबोसोमवर काम करतात. हरितलवक आणि तंतुकणिका यांचे रायबोसोम जिवाणूंच्या रायबोसोमसारखेच असल्याने त्यांच्यावरही परिणाम होतो आणि पानं पांढुरकी पडतात. शिवाय जेंटामायसिनसारखी औषधं आम्लधर्मी माध्यमात बरीच दुबळी होतात. त्यामुळे पीएच ७ च्या तबकडीवर जिवाणू मारणारी मात्रा ५.७ च्या बाटलीत अपुरी पडू शकते. चाचणी घ्यायची तर बाटलीतल्याच पीएचवर घ्या.

आणखी एक घोळ होतो. वाढ थांबणं म्हणजे जिवाणू मरणं नव्हे. ॲंटिबायोटिक असेपर्यंत बाटली स्वच्छ दिसते, काढलं की महिन्याभरात ढग परत. ही अवस्था वर्षानुवर्षं ओढली की प्रतिरोधक जिवाणू तयार होतात. त्यापेक्षा कोंबांची टोकं द्रवरूप माध्यमात, मोजक्या दिवसांसाठी, जिवाणू खरोखर मरतील अशा मात्रेत ठेवा, मग औषध नसलेल्या माध्यमावर आणा आणि इंडेक्सिंग सुरू करा. दोन औषधं एकत्र द्यायची असतील तर आधी त्याच जातीच्या एखाद्या बळकट वंशावर मात्रा पाहा, शेवटच्या बाटलीवर नव्हे.

पीपीएम या नावाने मिळणारं आयसोथायाझोलोन गटातलं जैवनाशक उष्णता सहन करतं आणि लिटरला अर्धा ते दोन मिलिलिटर पुरतं. सुरुवातीच्या टप्प्यात, बीजाणू दाबायला ते चांगलं. काही जातींत त्याने मुळं फुटणं रेंगाळतं. ते कायम घातलं तर आतली बाधा झाकली जाते, म्हणून इंडेक्सिंगचा काप नेहमी पीपीएम नसलेल्या माध्यमावर वाढलेल्या रोपाचाच घ्या.

मेरिस्टेम

याहून खात्रीचा, पण कष्टाचा मार्ग म्हणजे कोंबाच्या अगदी टोकाची विभाजी ऊती (मेरिस्टेम), एक-दोन पानांच्या अंकुरांसकट, सूक्ष्मदर्शकाखाली कापून वाढवणं. आकार ०.२ ते ०.५ मिलिमीटर. या भागापर्यंत वाहिन्या पूर्ण तयार झालेल्या नसतात, त्यामुळे जिवाणू आणि विषाणूही तिथे क्वचित पोहोचतात. मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये याच मार्गाने विषाणूमुक्त डेलिया मिळवली होती.

तुकडा जितका लहान तितका स्वच्छ आणि तितकाच मरायला सोपा. ज्या जातीवर पूर्वी काम झालेलं नाही तिथे आधी दोन-तीन मिलिमीटरची टोकं घेऊन माध्यम बसवा, मग आकार कमी करत जा. वृक्षवर्गीय जातींना एमएसमधला अमोनियम नायट्रेट आणि एकूण क्षारांचा भार सोसत नाही, तेव्हा लॉइड आणि मॅककाउन यांचं १९८० चं वुडी प्लांट मीडियम वापरून पाहा. कॅलस, म्हणजे पेशींचा आकारहीन गोळा, होऊ देऊ नका. कॅलसमधून निघालेल्या कोंबांत आनुवंशिक बदल होण्याची शक्यता वाढते, आणि संवर्धनात आपल्याला तीच जात जशीच्या तशी हवी असते.

टाकलेल्या बाटल्यांबरोबर काय गेलं?

समजा ३० झाडांपासून सुरुवात केली. प्रत्येक सबकल्चरला बाधित बाटल्या टाकल्या, स्वच्छ बाटल्या वाढवल्या. दोन वर्षांनी रॅकवर ४०० देखण्या बाटल्या आहेत आणि अहवालात ‘४०० रोपं’ लिहिलं जातं. पण लेबलं नीट पाहिली तर त्या सगळ्या चारच झाडांच्या निघू शकतात. उरलेल्या २६ झाडांचा वंश कचऱ्यात गेला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ही गळती यदृच्छेने होत नाही. जी झाडं आतून कमी बाधित होती, ज्यांनी ब्लीच सोसलं, ज्यांना माध्यमातलं सायटोकायनिन (कोंब फुटवणारं संप्रेरक) मानवलं, तीच उरतात. म्हणजे प्रयोगशाळेला सोयीची झाडं निवडली जातात. रानात दुष्काळ किंवा रोग सोसणारं एखादं झाड बाधित निघालं म्हणून संपतं. मार्शल आणि ब्राउन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, एखाद्या समूहातल्या ५० ते १०० झाडांचे नमुने घेतले तर ५ टक्क्यांहून अधिक वारंवारतेने आढळणारे ॲलील (जनुकाची वेगवेगळी रूपं) ९५ टक्के खात्रीने हाती लागतात. इतक्या झाडांपासून सुरुवात करून चारवर येऊन थांबणं म्हणजे केलेली सगळी मेहनत मागे नेणं आहे.

उपाय खर्चाचा नाही, शिस्तीचा आहे. प्रत्येक बाटलीवर मातृरोपाचा क्रमांक हवा, नुसतं जातीचं नाव पुरत नाही. नोंदवहीत बाटल्यांची संख्या न लिहिता दर सबकल्चरला ‘किती मातृरोपांचे वंश जिवंत’ हा आकडा लिहा. एखाद्या वंशाच्या तीनहून कमी बाटल्या उरल्या की त्यावर लाल खूण करा आणि तो वंश बाधित निघाला तरी वरिष्ठांशी बोलल्याशिवाय टाकू नका. जोमदार वंशाच्या बाटल्या मर्यादित ठेवा म्हणजे दुबळ्या वंशांसाठी जागा आणि वेळ उरेल.

बाधा आहे, पण रोप ठणठणीत आहे

कधी कधी संथ वाढणाऱ्या गुलाबी वसाहती दिसतात. त्या बहुधा मेथिलोबॅक्टेरियमच्या असतात. हे जिवाणू असंख्य वनस्पतींवर सहज राहतात आणि रोपाचं सहसा बिघडवत नाहीत. अशा वंशाची एकमेव बाटली असेल तर ती मी ठेवीन. वेगळ्या शेल्फवर, दिवसाच्या शेवटी हाताळायची, वेगळी अवजारं, लेबलवर स्पष्ट उल्लेख. झाडाच्या आतला प्रत्येक सूक्ष्मजीव शत्रू असतो असं मानू नका. ऑर्किडला रानात रुजायला ट्युलास्नेलासारख्या बुरशीची साथ लागते. बाटलीत साखरेवर वाढलेलं रोप रानात लावताना तीच साथ पुन्हा मिळवून द्यावी लागते. म्हणून मूळ जागेतल्या मुळांतली बुरशी वेगळी करून जपून ठेवणं हेही संवर्धनाचंच काम आहे.

मात्र ज्या जिवाणूची ओळख पटलेली नाही असं रोप रानात नेऊ नका. तिथल्या उरलेल्या झाडांना नवा रोग देण्याचा धोका पत्करता येत नाही. आणि बाधित कोंब द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना साठवले की बाधा मरेल, या भरवशावरही राहू नका. तिथे बहुतेक जिवाणू उत्तम टिकतात आणि बाहेर काढल्यावर रोपाच्या आधी जागे होतात. साठवण्याआधी इंडेक्सिंग आणि काढल्यानंतर पुन्हा इंडेक्सिंग, दोन्ही हवं.

काहीच चालेना तेव्हा

एखादा वंश प्रत्येक वेळी बाधित निघतो, मेरिस्टेम जगत नाही, रानातलं मूळ झाड गेलं आहे किंवा त्याला पुन्हा हात लावणं योग्य नाही. तरीही बाटलीतले कोंब फेकायची घाई करू नका. त्यांना बाटलीबाहेर काढा. साधारण दोन-तीन सेंटिमीटरचे, त्यातल्या त्यात सुदृढ कोंब निवडा. बुडाचा बाधित भाग कापून टाका, चिकटलेलं अगार पूर्ण धुऊन काढा, कारण त्यातल्या साखरेवरच जंतू माजतात. बुड काही सेकंद आयबीए या मुळं फुटवणाऱ्या संप्रेरकाच्या द्रावणात बुडवा आणि कोंब ओलसर, निर्जंतुक परलाइटमध्ये किंवा नारळाच्या भुश्शात, झाकण असलेल्या पारदर्शक डब्यात लावा. थेट ऊन नको, आर्द्रता भरपूर हवी. नवी पानं येऊ लागली की झाकण रोज थोडं जास्त वेळ उघडत जा. साखर नसलेल्या जागी अनेक जिवाणू दुबळे पडतात आणि रोप मुळं धरू शकतं. सगळे कोंब एकाच दिवशी बाहेर काढू नका. निम्मे बाटलीत ठेवा आणि पहिल्या खेपेची मुळं दिसल्यावर उरलेल्यांचा निर्णय घ्या.

असं एक रोप जरी कुंडीत उभं राहिलं, तरी तो वंश शिल्लक राहतो आणि तेच पुढचं मातृरोप होतं. त्याला बुडाशी पाणी द्या, जोमाने वाढू द्या, आणि नवी फूट आली की तिच्या टोकापासून इंडेक्सिंगसकट पुन्हा सुरुवात करा. लेबलवर मातृरोपाचा क्रमांक जुनाच राहील.